रीफ टाकीचं मीठपाणी कालवल्यावर ड्रमच्या तळाशी साका बसतो, ते पाणी वापरावं का?

तुम्ही जळगावहून विचारलंय की रीफ टाकीसाठी, म्हणजे जिवंत प्रवाळाच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी, 40 लिटरच्या ड्रममध्ये सिंथेटिक (समुद्राचं पाणी बनवायचं तयार) मीठ कालवलं की तळाशी तपकिरी साका बसतो आणि पंपावर पांढरं पुट चढतं. पाणी वापरा, पण आधी दोन्ही वेगळे ओळखा.

तपकिरी, बोटाला बुळबुळीत लागणारा साका म्हणजे मिठाच्या कच्च्या मालातून आलेला न विरघळणारा अंश. त्याने प्रवाळाला काही होत नाही. पंप बंद करून अर्धा तास निवळू द्या, वरचं पाणी नळीने काढा आणि तळचं लिटरभर फेका.

पांढऱ्याची मात्र चौकशी करा. थोडं खरवडून त्यावर व्हिनेगर टाका. फसफसलं तर ते कॅल्शियम कार्बोनेट आहे, म्हणजे तुमच्या पाण्याची अल्कलिनिटी (त्यातलं कार्बोनेट-बायकार्बोनेटचं प्रमाण) तेवढी गेली. 40 लिटरमधून 1 डीकेएच (अल्कलिनिटी मोजायचं एकक) गेली की साधारण 0.7 ग्रॅम भुकटी पडते. पंप पांढरा व्हायला तेवढी पुरते. कॅल्शियम मात्र लिटरमागे जेमतेम 7 मिलिग्रॅम उतरतं आणि घरच्या किटवर ते कळत नाही, म्हणून अल्कलिनिटीच मोजा. पाकिटावरच्या आकड्यापेक्षा 1 डीकेएच कमी भरली, तर निवळलेल्या पाण्यात 1.2 ग्रॅम खाण्याचा सोडा ग्लासभर आरओ पाण्यात विरघळवून हळूहळू सोडा.

हे होतं ते बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे. मिठावर पाणी ओतलं, किंवा सगळं मीठ एकदम टाकलं, की तळाशी दाट खारं पाणी साचतं आणि कॅल्शियम व कार्बोनेट तिथेच एकमेकांना धरतात. नंतर कितीही ढवळा, ते पुन्हा विरघळत नाही. आधी पाणी भरा, पंप चालू करा, मग मूठमूठ मीठ सोडा. 40 लिटरला ब्रँडप्रमाणे 1.4 ते 1.6 किलो लागतं. शेवटचं शंभरेक ग्रॅम हातात ठेवून रिफ्रॅक्टोमीटरवर (खारेपणा मोजायच्या उपकरणावर) 35 पीपीटी, म्हणजे हजार भागांत 35 भाग, खारेपणा गाठा. अर्ध्यात वीज जाऊन पंप थांबला तर उरलेलं मीठ पाण्यात घालू नका.

दुसरं कारण आपल्याकडचा उन्हाळा. कॅल्शियम कार्बोनेट गरम पाण्यात कमी विरघळतं, आणि मे महिन्यात पारा 44-45 वर असताना गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी हाताला चटका देतं. आरओचं पाणी रात्रभर निवू द्या, घाई असेल तर बर्फाच्या बंद बाटल्या ड्रममध्ये सोडा. 25 अंशांच्या आसपास आलं की मीठ घाला. हीटर लावू नका. जास्त अल्कलिनिटीचं मीठ असेल तर कालवलेलं पाणी दिवसेंदिवस फिरवत न ठेवता त्याच दिवशी वापरा.

पावसाळ्यात पिशवी उघडी राहिली की मीठ ओल धरतं. दगडासारखे झालेले खडे वापरू नका, त्यांच्या आतच कॅल्शियम व कार्बोनेट एकमेकांना धरून बसलेले असतात.

पाणीही तपासा. पिण्याच्या आरओला टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असेल तर तो बोअरचं जड पाणी थोडं परत मिसळतो. डीआय कार्ट्रिज (उरलेले क्षार काढणारी गाळणी) जोडून टीडीएस 0 आणा.

जुनं पुट ड्रममध्ये राहिलं तर ते विरजणासारखं काम करतं, नवं पुट त्यावरच धरतं. लिटरभर पाण्यात दोन चमचे सायट्रिक ॲसिड घालून पंप तासभर त्यात चालवा, इम्पेलर काढून ब्रशने घासा आणि साध्या पाण्याने दोनदा खळबळून घ्या.