रोज स्ट्रेचिंग करूनही बोटं जमिनीपर्यंत का पोहोचत नाहीत?

तुम्ही लिहिलंय, की दोन महिने रोज उठल्या उठल्या स्ट्रेचिंग करूनही खाली वाकलं की बोटं नडगीच्या मध्यावरच अडकतात. माझीही कित्येक वर्षं तिथेच अडकायची, म्हणून आधी विचारतो: वाकताना हिसके देता का?

मी द्यायचो. हात पोहोचत नाही म्हटलं की झोके घेत घेत आणखी दोन इंच ओढायचं. पण स्नायू झटक्यात ताणला गेला की त्याच्या आतले संवेदक मज्जारज्जूला खबर देतात आणि तिथून लगेच आखडण्याचा हुकूम सुटतो. डॉक्टरांनी गुडघ्याखाली छोटी हातोडी मारली की पाय उडतो ना, तोच प्रकार. आपण एकीकडे ओढणार, स्नायू दुसरीकडे.

दुसरी चूक पाठीतून वाकण्याची. मांडी आणि पोट यांच्या मधल्या घडीत तळहाताची कड ठेवा, गुडघे किंचित सैल सोडा आणि ढुंगण मागे ढकलत असं वाका की हात घडीत चेपला जाईल. पाठ सरळच हवी. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा हात जेमतेम गुडघ्यापर्यंत गेले, पण मांडीच्या मागे जो ताण बसला तो त्याआधी कधी जाणवलाच नव्हता. तोवर मी नुसती कंबर ताणत होतो!

मला खरा फरक पडला तो टॉवेलने. पाठीवर झोपा, एका तळपायाला टॉवेल अडकवा आणि पाय जमेल तितका सरळ ठेवून वर घ्या. ताण जाणवला पाहिजे, पण श्वास अडकायला नको. तिथेच 30 सेकंद थांबा. मग टॉवेल घट्ट धरून पाय जमिनीकडे ढकला, निम्म्या जोराने, पाच-सहा सेकंद. सोडा, श्वास सोडताना पाय पुन्हा अंगाकडे घ्या. तो आधीपेक्षा थोडा जास्त येतो. याला पीएनएफ म्हणतात. 1940 च्या दशकात अमेरिकेत हर्मन कबॅट या डॉक्टरांनी ही पद्धत मुळात मज्जासंस्थेच्या आजारांच्या रुग्णांसाठी बसवली. प्रत्येक पायाला दोन-तीन वेळा केलं तरी पुरे, आणि आठवड्यातून तीन-चार दिवस चालतं.

पोटरीत किंवा तळपायात मुंग्या आल्या तर तो स्नायूचा ताण नाही, शीर (म्हणजे मज्जातंतू) ओढली जातेय. पाऊल सैल सोडा, पाय थोडा खाली घ्या. तरीही मुंग्या येतच राहिल्या तर फिजिओथेरपिस्टला दाखवा.

वेळही बदला. रात्रभरात मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, त्यामुळे उठल्यावर कंबर ताठ असते आणि तेव्हाच वाकणं तिला सगळ्यात जड जातं. दहा मिनिटं चालून अंग गरम झाल्यावर किंवा सरळ संध्याकाळी करा. पळायला जाणार असाल तर आधी असं थांबून ताणू नका, पाय पुढेमागे झुलवा, गुडघे उचलत चाला. एकेक स्नायू मिनिटभराहून जास्त ताणून लगेच पळालं तर जोर थोडा कमीच पडतो. आणि व्यायामानंतरची अंगदुखी स्ट्रेचिंगने फारशी जात नाही, ती अपेक्षा ठेवू नका.

माझी बोटं फरशीला टेकायला चार महिने लागले. डावा पाय अजूनही उजव्यापेक्षा मागेच आहे.