हेमी म्हणजे निम्म्या वजनाची नव्हे

प्रश्न आला आहे तो असा: ‘1968 ची हेमी डार्ट ही अमेरिकन गाडी ड्रॅग रेसिंगसाठी, म्हणजे थोड्या सरळ अंतराच्या शर्यतीसाठी, कारखान्यातूनच हलकी करून दिली जायची. मग नावातल्या हेमीचा अर्थ निम्म्या वजनाची असा घ्यायचा का?’

मुळीच नाही. हा अर्थ इतक्या जणांनी मला छातीठोकपणे सांगितला आहे, की आता ऐकवत नाही. हेमी हे गाडीच्या वजनाचं वर्णन नाही, इंजिनाचं आहे. उलट त्या गाडीतली सगळ्यात जड वस्तू म्हणजे हेमीच. 426 घनइंची, म्हणजे जवळजवळ 7 लिटरचं, ओतीव लोखंडाचं ते धूड 300 किलोंच्या वर भरायचं. शर्यतवाले त्याला हत्ती म्हणत. डार्टसारख्या आटोपशीर गाडीत हा हत्ती बसवायचा, म्हणून बाकीचं वजन उतरवलं. मिशिगनमध्ये हर्स्ट कंपनीकडे हे काम होतं. पुढची मडगार्डं आणि बॉनेट फायबरग्लासचं, दारांचा पत्रा ॲसिडमध्ये बुडवून पातळ केलेला, मागची सीट काढून टाकलेली, पुढच्या सीटा व्हॅनमधल्या. खिडकीची काच पातळ, आणि ती वर-खाली करायला हँडल नाही, नुसता पट्टा. इंजिनाचं डोकं इतकं रुंद, की ब्रेकचा मास्टर सिलिंडर बाजूला सरकवावा लागला. अशा डार्ट 80 च्या आसपास निघाल्या.

हेमी हे हेमिस्फेरिकलचं तोडलेलं रूप. सिलिंडरच्या माथ्यावर जिथे इंधन पेटतं, त्या कक्षाचं छत अर्धगोल. त्यात दोन व्हॉल्व्ह समोरासमोर तिरके बसतात, मोठेही करता येतात, म्हणून इंजिन मोकळा श्वास घेतं. डार्ट बनवणाऱ्या क्रायस्लरनं अशी इंजिनं 1951 मध्ये आणली. 426 आलं 1964 मध्ये, आणि त्याच वर्षी ते घेऊन शर्यतपटू रिचर्ड पेटीनं डेटोना 500 ही मोटारशर्यत जिंकली. त्याच्या आधीच्या इंजिनाला ‘मॅक्स वेज’ म्हणत. वेज म्हणजे पाचर, कारण त्याचा कक्ष पाचरीच्या आकाराचा. इंजिनाचं एवढं पुरे.

आता शब्दाकडे. ग्रीक ‘हेमि’ म्हणजे अर्धा, आणि त्याचा सख्खा भाऊ संस्कृतात आहे: ‘सामि’. शब्दाच्या सुरुवातीच्या ‘स’चा ग्रीकमध्ये ‘ह’ होतो. सप्त तिथे हेप्टा होतो, सम होमो होतो, सर्प हेर्पेटॉन होतो. इराणी भाषांनी हाच बदल स्वतंत्रपणे केला, म्हणून आपल्याकडे हरिनामाचा सप्ताह आहे आणि कर्जाचा हप्ता आहे; दोन्हींत सातच. लॅटिननं ‘स’ जपला, तिथे तोच शब्द ‘सेमी’. काही कोशांत हेमी सेमीपासून आल्याचं छापलेलं असतं, ते साफ चूक. ही भावंडं आहेत, बाप-लेक नव्हेत.

पाणिनीनं ‘सामि’ला एक आख्खं सूत्र दिलं आहे, आणि ते सूत्र म्हणजे तो एकच शब्द. सामिकृत म्हणजे अर्धवट केलेलं, सामिभुक्त म्हणजे अर्धवट खाल्लेलं. इतका देखणा शब्द मराठीपर्यंत का पोचला नाही? माझं ठाम मत असं, की तो अव्यय होता, हीच त्याची अडचण झाली. ‘अर्ध’ विभक्ती घेतो, लिंग घेतो, आणि मराठीत येऊन अर्धा, अर्धी, आधा असा कुठेही रुळतो. ‘सामि’ जागचा हलायला तयार नाही. बोलणाऱ्याला हात-पाय असलेला शब्द लागतो. यावर मला कुणी समाधानकारक उलट पुरावा दाखवलेला नाही.

‘निम्मा’ आणि ‘हेमी’ एकच, असं सांगणारेही भेटतात. कानाला ते पटतं, व्युत्पत्तीला पटत नाही. निम्म्याचा गोत फारसी ‘नीम’चा, संस्कृत ‘नेम’चा, त्यातला ‘न’ मुळातलाच आहे. इंजिन नारिंगी रंगवलेलं असायचं म्हणून ‘हेम’ म्हणजे सोन्यापासून हेमी, हे तर मी एका विद्वानांच्या तोंडून ऐकलं. संस्कृत येणाऱ्यानं असं बोलू नये.

माझा सगळ्यात लाडका नातलग मात्र वेगळाच आहे. ग्रीकमध्ये डोकं एका बाजूनं दुखण्याला हेमिक्रेनिया म्हणत. फ्रेंचांच्या तोंडी पुढचं ‘हे’ झिजलं आणि झाला मायग्रेन. त्यातलं ‘क्रेनिया’ आपल्या ‘शिर’च्या कुळातलं, आणि आपण त्या दुखण्याला म्हणतो अर्धशिशी! तेच अर्धं, तेच डोकं. मायग्रेनमधला ‘मा’ आणि डार्टच्या बॉनेटखालचा हेमी हे एकाच शब्दाचे तुकडे आहेत.

हेमी हे नाव खुद्द क्रायस्लरनंही सैल हातानं वापरलं. 1980 च्या दशकात मित्सुबिशीकडून घेतलेल्या चार सिलिंडरच्या साध्या 2.6 लिटर इंजिनावर त्यांनी हेमीचा बिल्ला लावला. 2003 पासून विकलेल्या 5.7 लिटर हेमीचा कक्षही पुरता अर्धगोल नाही, चपटा आहे.

वजन उतरवल्याची खूण नावातच असलेली गाडी हवी असेल, तर 1963 ची पोंटियाक कॅटलिना घ्या. तिच्या चॅसीच्या, म्हणजे खालच्या सांगाड्याच्या, लोखंडाला भोकंच भोकं पाडली होती, म्हणून तिला ‘स्विस चीज’ म्हणतात. अशा 14 गाड्या निघाल्या, आणि एकीतही हेमी नव्हतं.