वाळ्याचं अत्तर घेऊ की मातीचं?

दोन्ही कुप्या पाठोपाठ हुंगल्यास तर गोंधळ होणारच, दोन्हींत ओल्या जमिनीचा वास आहे. पण घडण वेगळी. कनौजला, म्हणजे उत्तर प्रदेशातल्या अत्तरांच्या गावी, मातीचं अत्तर काढताना भाजलेली माती तांब्याच्या डेगेत, म्हणजे मोठ्या हंड्यात, पाण्याबरोबर उकळतात आणि वाफ भपक्यातल्या, म्हणजे ती गोळा करणाऱ्या भांड्यातल्या, चंदनतेलात उतरवतात. म्हणून आधी पहिला पाऊस येतो, मग खाली मऊ चंदन उरतं. रूह खस म्हणजे वाळ्याच्या मुळांचं निव्वळ तेल, त्याला चंदनाचा आधार नसतो. डेगेच्या तांब्यामुळे त्याला हिरवट रंग येतो. माठात वाळ्याची जुडी टाकलेलं पाणी प्यायला असशील तर वास ओळखीचा वाटेल, फक्त जास्त गडद आणि किंचित धुरकट.

कागदाच्या पट्टीवर ठरवू नकोस. एकेका मनगटावर एकेक थेंब लाव, तोही काडीच्या टोकाएवढाच, आणि संध्याकाळी पुन्हा हुंग. मातीच्या अत्तरात आधाराला चंदन आहे की पॅरफिन (बिनवासाचं खनिज तेल), हे दुकानदाराला नक्की विचार. चंदन महाग झाल्यापासून स्वस्त कुपीत ते बहुधा नसतंच. उन्हाळ्यात रोज लावायचं असेल तर मी डोळे मिटून वाळा घेईन. फक्त पांढऱ्या सदऱ्यावर नको, डाग पडतो.