आयर्लंडमध्ये माध्यमिक शिक्षण मोफत करणारे मंत्री कोण होते?

डोनो ओ'मॅली. लिमरिकचे, शिक्षणाने इंजिनिअर, रग्बी खेळणारे, फिएना फॉल पक्षाचे. 1954 मध्ये ते संसदेवर निवडून आले, पुढे आरोग्यमंत्री झाले आणि जुलै 1966 मध्ये शिक्षणमंत्री.

त्यांचं नाव राहिलं ते एका भाषणामुळे. 10 सप्टेंबर 1966 ला डन लॅरीमध्ये पत्रकारांच्या संघटनेसमोर त्यांनी माध्यमिक शिक्षण मोफत करण्याची घोषणा केली. मंत्रिमंडळाची मंजुरी नव्हती आणि अर्थमंत्री जॅक लिंच यांना विचारलंही नव्हतं! पण लोकांनी घोषणा इतकी उचलून धरली की सरकारला मागे फिरणं अवघड झालं. तोवर फी परवडत नाही म्हणून हजारो मुलांची शाळा प्राथमिकनंतर सुटायची. 1967 पासून योजना सुरू झाली, सोबत खेड्यापाड्यांतल्या मुलांसाठी मोफत स्कूल बसही. माझ्या मते ही बसच जास्त मोलाची, कारण फी माफ झाली तरी शाळा मैलोन्मैल लांब असेल तर पोर घरीच राहतं.

योजनेची फळं त्यांना पाहता आली नाहीत. मार्च 1968 मध्ये, वयाच्या अवघ्या 47 व्या वर्षी ते अचानक गेले. त्यांच्या जागी पोटनिवडणुकीत पुतणे डेसमंड ओ'मॅली निवडून आले. तेही पुढे मंत्री झाले.