मिग-२१ च्या १/७२ प्लास्टिक मॉडेलवर (खऱ्याच्या बहात्तरावा भाग) डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून लावायची चिन्हं, लावले की खाली चंदेरी दिसतं, काय चुकतंय? आणि वेदरिंग, म्हणजे वापराचा मळ आणि झीज रंगवणं, डिकलच्या आधी करायचं की नंतर? खूप जुनं विमान आहे म्हणून एकदम मळकं आणि गंजलेलं करायचंय.

ग्लॉस कोट, म्हणजे चकचकीत पारदर्शक थर, मारलेला नाहीये तुम्ही. फोटो न बघता सांगतो.

मॅट पेंट बोटाला गुळगुळीत लागला तरी खडबडीतच असतो, डिकलची फिल्म त्या बारीक टेंगळांवर आडवी पडून राहते, खाली हवा अडकते आणि ती हवाच चंदेरी दिसते. पेंट पूर्ण वाळू द्या, मग ग्लॉस क्लिअरचे दोन-तीन पातळ हात, एक दिवस थांबा आणि मग डिकल. खाली मायक्रो सेट (डिकल चिकटायला मदत करणारं द्रव), बसला की वरून मायक्रो सोल (डिकल मऊ करणारं द्रव). सोल लागला की डिकल सुरकुततो, तेव्हा घाबरून बोट लावायचं नाही, वाळता वाळता तो आपला आपण ताणून बसतो. जे आधीच चंदेरी झालेत त्यांना बारीक सुईने टोचे मारून सोलचा थेंब सोडा, दोन-तीनदा करावं लागेल.

एवढं कुणीही सांगितलं असतं. मी लिहायला बसलो ते तुमच्या प्रश्नातल्या शेवटच्या ओळीमुळे, "खूप जुनं विमान आहे म्हणून एकदम मळकं आणि गंजलेलं करायचंय". २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला हवाई दलातून मिग-२१ निवृत्त झालं तेव्हापासून जो तो मिग-२१ बांधतोय आणि जो तो ते भंगारातून उचलून आणल्यासारखं रंगवतोय. मला त्याचा त्रास होतो आणि का होतो ते सांगतो.

माझे वडील ओझरला मिगमध्ये होते, पेंट शॉपला. एचएएलचा (हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा) नाशिकचा हा कारखाना १९६४ मध्ये मिग-२१ साठीच काढला, त्यामुळे आमच्याकडे कुणी एचएएलमध्ये आहे असं म्हणत नाही, मिगमध्ये आहे म्हणतात, गावालासुद्धा ओझर मिग म्हणतात. विमानं नवीन बनायची तशी ओव्हरहॉलला पण यायची, जुना रंग काढायचा, तपासणी, दुरुस्ती, मग परत प्रायमरपासून सगळं. अण्णांनी आयुष्यभर हेच केलं. घरी आले की हाताला थिनरचा वास असायचा, आई आधी हात धुवायला पाठवायची आणि मगच ताट वाढायची.

२०११ मध्ये मी पुण्यात नोकरीला होतो तेव्हा १/७२ चं मिग-२१ बिस, म्हणजे नंतरच्या प्रकारातलं, बांधलं, राखाडी रंगातलं. दीड महिना रोज रात्री बसायचो. व्हिडिओ बघून प्रत्येक पॅनल लाइनमध्ये (पत्र्यांच्या जोडाच्या रेघेत) काळा वॉश, म्हणजे खूप पातळ केलेला रंग, भरला, कडेकडेने स्पंजने अॅल्युमिनियमचे टवके उडवले, पंखांवर तेलाचे ओघळ काढले, आणि दिवाळीला घरी जाताना बुटांच्या खोक्यात कापूस घालून अण्णांना दाखवायला घेऊन गेलो.

अण्णांनी ते खिडकीपाशी नेलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि बराच वेळ फिरवून फिरवून बघितलं. मग मला विचारलं, "हे विमान उडायला सोडलं कुणी?"

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, अण्णा, ते वेदरिंग आहे. ते म्हणाले, "ते कळलं रे. पण प्रत्येक जोडातून काळं येतंय म्हणजे प्रत्येक जोड गळतोय. सही कुणी केली ह्याच्यावर?" आणि मग राउंडेलवर, म्हणजे हवाई दलाच्या तिरंगी गोल चिन्हावर, नख ठेवून म्हणाले, "आणि हा गोल चिकटवलाय." चंदेरी दिसत होता ना, तुमच्यासारखाच. "आम्ही चिकटवत नव्हतो, मास्किंग करून, म्हणजे बाजूचा भाग झाकून, रंग मारायचो. गोलाच्या आतून रिव्हेट दिसले पाहिजेत, जोड दिसला पाहिजे."

तेवढ्यावर थांबले नाहीत. लाइट बिलाच्या पाठीमागे पेन्सिलने विमान काढलं, वरून एक आणि खालून एक, आणि कुठे काय मळतं ते खुणा करून दिलं. पोटाला गनच्या मागे धुराचा पट्टा. रोज उघडतात त्या झाकणांच्या स्क्रूंभोवती रंग गेलेला, बाकीच्या झाकणांना काही नाही. इंधन भरायच्या तोंडाशी डाग. पंखाच्या मुळाशी, जिथे माणसं चढतात, तिथे बुटांची घासण. हायड्रॉलिकचं तेल गळलं तर खाली पोटाला, आणि उडताना वाऱ्याने ते मागे ओढलं जातं, म्हणून ओघळ मागे जातो. नोझलला उष्णतेने धातूचा रंग फिरलेला. बाकी सगळीकडे लिहिलं, "स्वच्छ". दोनदा अधोरेखित. तो कागद माझ्याकडे अजून आहे.

पुढचं मॉडेल मी त्या कागदावरून केलं आणि पुण्यातल्या एका प्रदर्शनात ठेवलं. अण्णा मुद्दाम नाशिकहून आले होते. परीक्षक होते ते टेबलापाशी आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "फिनिश चांगला आहे, पण वेदरिंगच नाही, खेळणं वाटतंय. पॅनल लाइन्स उठायला हव्यात." अण्णा माझ्या शेजारी उभे. मी काही बोललो नाही, तेही नाही बोलले. परत जाताना मी त्यांच्याबरोबर नाशिकपर्यंत गेलो, नारायणगावला एसटी थांबली, चहा घेताना त्यांनी एवढंच विचारलं की "त्या साहेबांनी विमान जवळून बघितलंय का कधी?"

त्या दिवशी मी द्यायला हवं होतं ते उत्तर आज इथे देतो. मिग-२१ चे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ७.१५ मीटर, म्हणजे १/७२ ला जेमतेम १० सेंटिमीटर. किटवरची पॅनल लाइन समजा ०.३ मिलिमीटरची आहे, ७२ ने गुणा, जवळजवळ २२ मिलिमीटर होतात. खऱ्या विमानाच्या पत्र्यात अंगठा जाईल एवढी फट असते का? ती रेघ आधीच जास्त जाड आहे आणि त्यात तुम्ही काळा भरून ती आणखी उठवताय, मग ते विमान न दिसता विमानाचा नकाशा दिसतो. आणि जुनं विमान म्हणजे घाण विमान हे तर साफ चूक आहे. विमान जितकं जुनं तितकी त्याच्यावर जास्त माणसं राबलेली असतात. एवढी वर्षं ते उडत राहिलं ते कुणीतरी रोज पुसलं, तपासलं, रंगवलं म्हणून. ते सगळं मळकं दाखवणं म्हणजे त्या माणसांनी कामच केलं नाही असं सांगणं आहे.

तर तुमचा दुसरा प्रश्न, वेदरिंग डिकलच्या नंतरच. खऱ्या विमानावर गोल हा रंगच असतो, त्यामुळे मळ त्याच्यावरूनही जातो, आधी वेदरिंग केलंत तर मळक्या विमानावर कोरा करकरीत गोल दिसेल. डिकलवर परत एक ग्लॉस, मग ऑइल कलरचा वॉश, काळा नको, बेसच्या रंगापेक्षा दोन छटा गडद राखाडी-तपकिरी घ्या, पुसताना नाकाकडून शेपटीकडे पुसा, शेवटी मॅट किंवा सेमी-ग्लॉस. ओव्हरहॉलमधून नुकतंच आलेलं दाखवायचं असेल तर वॉश जवळजवळ नकोच.

एक मान्य करतो, १९७१ चं एफएल, म्हणजे मिग-२१ चा आधीचा प्रकार, बांधत असाल तर गोष्ट वेगळी. ती विमानं मुळात उघड्या धातूच्या रंगाची होती आणि युद्धाच्या तोंडावर घाईघाईने वर कॅमोफ्लाज मारला होता, तिथे रंग उडालेला, हाताने मारलेला, असमान दाखवलात तर बरोबरच आहे. फक्त फोटो बघून करा, अंदाजाने नको.

आणि मुंबई-कोकणात असाल तर पावसाळ्यात लॅकर क्लिअर (थिनरवर चालणारा पारदर्शक थर) मारू नका, दमट हवेत ते पांढुरकं पडतं, कोरड्या दिवसापर्यंत थांबा आणि रंग फवारायच्या कॉम्प्रेसरला मॉइश्चर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारा) लावा. गाड्या रंगवणाऱ्यांकडचा एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर ब्रशने प्लास्टिकवर अजिबात नको, प्लास्टिक विरघळतं. सोलचं पण तेच, काही किटची फिल्म इतकी पातळ असते की सोलने तिचा चिखल होतो, म्हणून शीटवरचा न लागणारा एखादा डिकल घेऊन जुन्या पंखावर आधी लावून बघा. राउंडेल शेवटी लावा, तोपर्यंत हात बसलेला असतो.