यादृच्छिक संख्या ‘दर्जेदार’ असते का?

नाशिकच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात सी भाषा शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकेने विचारले आहे की, मराठी टिपणांत ‘रँडम नंबर’साठी ‘स्वैर संख्या’ लिहावे की ‘यादृच्छिक संख्या’, आणि ‘उच्च दर्जाच्या यादृच्छिक संख्या’ ही शब्दयोजना चालेल का. त्यांच्या टिपणातील उदाहरण १०,००० प्रवेशिकांतून सोडत काढणाऱ्या प्रोग्रॅमचे आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे: ‘यादृच्छिक’ लिहावे. ‘स्वैर’ या शब्दात स्वतःच्या मर्जीने वागणारा कोणीतरी गृहीत असतो. स्वैर अनुवादात अनुवादकाची मर्जी असते, स्वैराचारात वागणाऱ्याची. सोडतीत कोणाचीही मर्जी चालता कामा नये. ‘यदृच्छा’ या शब्दातही इच्छा दडलेली आहे असे पुष्कळांना वाटते, परंतु त्याची फोड ‘यद्’ आणि ‘ऋच्छा’ अशी करतात, आणि अर्थ आपसूक घडून येणे असा होतो. गीतेतील ‘यदृच्छालाभसंतुष्टः’ म्हणजे आपोआप जे मिळेल त्यात समाधानी असलेला. श्वेताश्वतर उपनिषदाच्या पहिल्या अध्यायात जगाच्या कारणांचा विचार करताना ‘कालः स्वभावो नियतिर्यदृच्छा’ असे म्हटले आहे. तेथे नियती आणि यदृच्छा शेजारी, पण वेगळ्या मांडल्या आहेत. हा भेद पुढे उपयोगी पडेल.

दुसऱ्या प्रश्नात मात्र मला अडचण दिसते. ७३१४ ही संख्या यादृच्छिक आहे की नाही, हे त्या एका संख्येकडे पाहून सांगता येत नाही. नाशिकरोडला छापलेल्या कोऱ्या नोटांच्या पुडक्यातील एकच नोट हाती आली, तर तिचा क्रमांक कसाही पडलेला वाटतो. पुडके चाळले की क्रम उघड होतो. दर्जा हा संख्येचा गुण नसून ती निर्माण करणाऱ्या रीतीचा गुण आहे. म्हणून ‘उच्च दर्जाच्या यादृच्छिक संख्या’ यापेक्षा ‘यादृच्छिक संख्यांची दर्जेदार निर्मिती’ किंवा ‘यादृच्छिक संख्यांचा भरवशाचा जनक’ (जनक म्हणजे त्या निर्माण करणारी रीत किंवा प्रोग्रॅम) असे लिहावे.

हा केवळ शब्दच्छल नाही, कारण दर्जा येथे दोन निरनिराळ्या गोष्टींचा आहे. एक म्हणजे समान संधी. सी भाषेतील रँड हे यादृच्छिक संख्या देणारे फंक्शन किमान ० ते ३२,७६७ एवढ्या संख्या देईल, इतकीच हमी भाषेच्या मानकात आहे, आणि विंडोजवरील मायक्रोसॉफ्टच्या लायब्ररीत ते नेमक्या तेवढ्याच देते. त्या ३२,७६८ संख्यांना १०,००० ने भागून बाकी घेतली, तर ० ते २,७६७ या प्रवेशिकांना चार-चार संधी मिळतात आणि उरलेल्यांना तीन-तीन. म्हणजे जनक निर्दोष असला, तरी सोडत काढणाऱ्या ओळीत पक्षपात शिरतो. उपाय साधा आहे: ३०,००० किंवा त्यावरील संख्या आली तर ती टाकून पुन्हा मागावी.

दुसरी गोष्ट म्हणजे पुढची संख्या आधी ओळखता न येणे, जिच्यासाठी ‘अननुमेयता’ हा शब्द जड असला तरी नेमका आहे. मानकात नमुन्यादाखल दिलेले रँड आधीच्या स्थितीला, म्हणजे मागच्या खेपेस जपून ठेवलेल्या संख्येला, ११०३५१५२४५ ने गुणते, त्यात १२३४५ मिळवते आणि उत्तराचा एक भाग पुढे करते. ही यदृच्छा नव्हे, शुद्ध नियती आहे. अशा संख्यांना ‘छद्म-यादृच्छिक’ म्हणावे. ‘आभासी’ हे विशेषण ‘व्हर्च्युअल’साठी इतके रुळले आहे की त्याने घोटाळाच होईल. मात्सुमोतो आणि निशिमुरा या जपानी गणितज्ञांनी १९९७ मध्ये विकसित केलेला मर्सेन ट्विस्टर हा छद्म-यादृच्छिक संख्यांचा जनक समान संधीच्या कसोट्यांवर रँडपेक्षा कितीतरी सरस आहे, परंतु त्याने एकामागोमाग दिलेल्या ६२४ संख्या काटछाट न होता हाती आल्या की पुढच्या सगळ्या सांगता येतात. सिम्युलेशनसाठी, म्हणजे घटनांची संगणकावर नक्कल करण्यासाठी, तो चांगला; माहिती सांकेतिक करणाऱ्या गुप्त किल्ल्या बनवण्यासाठी निरुपयोगी. केवळ ‘दर्जेदार’ म्हटले की हा भेद पुसला जातो, म्हणून टिपणात ‘समान संधीचा’ की ‘अननुमेय’ हे प्रत्येक ठिकाणी स्पष्ट लिहावे.

‘सीड’ला, म्हणजे मालिका जिच्यापासून सुरू होते त्या संख्येला, ‘बीज’ म्हणण्यास काहीच हरकत नाही. एसरँड या बीज ठरवणाऱ्या फंक्शनला तेच बीज दिले की रँड तीच मालिका देते, आणि काहीच दिले नाही तर बीज १ धरले जाते. प्रोग्रॅम तपासताना ही सोय मोलाची ठरते. सोडतीसाठी मात्र घड्याळाची वेळ बीज म्हणून देण्याची जी सवय विद्यार्थ्यांना लागते, ती मोडावी. टाइम हे फंक्शन बहुतेक संगणकांवर सेकंद मोजते, त्यामुळे प्रोग्रॅम कोणत्या तासात चालवला हे ज्याला ठाऊक आहे, त्याला फक्त ३,६०० बीजे तपासावी लागतात. लिनक्स या संगणक-प्रणालीवर २०१४ पासून यादृच्छिक संख्या मागण्याची गेटरँडम ही सोय आहे. ती उपकरणांच्या हालचालींसारख्या बाहेरच्या घडामोडींतून जमवलेल्या अनिश्चिततेवर चालते. सोडतीच्या उदाहरणात रँडऐवजी तीच वापरावी आणि वरची ‘टाकून पुन्हा मागण्याची’ रीत तिलाही लावावी.