तापाचा आज कितवा दिवस?

वाचकांचे प्रश्न, निवृत्त आरोग्य अधिकाऱ्याची उत्तरे

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला तिन्हीसांजेला हुडहुडी भरून ताप आला. दुसऱ्या दिवशी सकाळी सरकारी आरोग्य केंद्रात नेला. डॉक्टरांनी चार प्रश्न विचारले, बोटाला टोचून काचेवर रक्त घेतले, पॅरासिटामॉल दिली आणि ‘ताप राहिला तर परवा या’ म्हणून परत पाठवले. आम्ही त्याच दुपारी खाजगी लॅबमध्ये डेंग्यूचे कार्ड आणि टायफॉइडची विडाल तपासणी करून घेतली. डेंग्यू निगेटिव्ह, विडाल पॉझिटिव्ह. केंद्राने हयगय केली असेच ना?
— एक वाचक, सत्तरी तालुका (गोवा)

उत्तर : मला तसे वाटत नाही. तुम्ही ज्याला ‘चार प्रश्न’ म्हणता, त्यातला एक नक्की हा असणार : तापाचा आज कितवा दिवस? कुठली तपासणी करायची ते त्यावरच ठरते.

डेंग्यूचा एनएस१ हा अंश रक्तात साधारण पहिले पाच दिवस सापडतो. आयजीएम ही प्रतिद्रव्ये पाचव्या दिवसाच्या आसपास दिसू लागतात. बाजारातल्या कार्डावर बहुधा दोन्हींच्या रेघा असतात. तेव्हा दुसऱ्या दिवशी आयजीएमची रेघ उमटली नाही, याचा अर्थ काहीच नाही. एनएस१ची उमटली नाही म्हणजे शक्यता कमी झाली, संपली नाही. शिवाय सरकारी कार्यक्रमात कार्डावर निदान पक्के धरत नाहीत, नमुना एलायझा या प्रयोगशाळेतल्या तपासणीसाठी पाठवतात.

विडालवर माझा जुना राग आहे. आपल्याकडे टायफॉइडच्या जंतूंशी कधी ना कधी बहुतेकांची गाठ पडलेली असते, त्यामुळे दुसऱ्याच कुठल्या तापातही विडाल ‘पॉझिटिव्ह’ येऊ शकते. नियमाने ती काही दिवसांच्या अंतराने दोनदा करून आकडा चढतो का ते बघायचे असते. तसे करताना मी फारसे कुणाला पाहिले नाही. टायफॉइडचा खराच संशय असेल तर पहिल्या आठवड्यात, अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी, रक्ताचे कल्चर (रक्तातले जंतू वाढवून बघणे) करावे. भावाला गोळ्या सुरू झाल्या असतील तर मनाने बंद करू नका, पण ज्यांनी दिल्या त्यांना हे जरूर विचारा.

आता ती काच. तुम्हाला ती क्षुल्लक वाटली, पण पावसाळ्यात हुडहुडीचा ताप म्हटला की पहिला हिशेब मलेरियाचाच. त्याच काचेवर एक जाड ठिपका घेतात आणि शेजारी जिभेच्या आकाराचा पातळ थर ओढतात. परजीवी आहे का ते जाड ठिपक्यात आधी कळते, कुठल्या जातीचा ते पातळ थरात. जुलैत ही काच लवकर सुकत नाही, आणि उघडी ठेवली तर मुंग्या नि माश्या रक्त चाटून जातात. आमचा तंत्रज्ञ म्हणून ती पेटीत झाकून ठेवायचा आणि सकाळच्या चहाआधी पेटी उघडून बघायचा. दुसरी गोष्ट, एका निगेटिव्ह काचेवर मलेरिया नाही असे म्हणता येत नाही. संशय राहिला तर बारा ते चोवीस तासांच्या अंतराने पुन्हा काच घ्यावी लागते. ‘परवा या’ त्यासाठीही होते.

एका बाबतीत मात्र तुमची तक्रार रास्त आहे. परवा कशासाठी यायचे आणि त्याआधी कधी धावत यायचे, हे सांगायला हवे होते. पोटात सतत दुखणे, उलट्या न थांबणे, हिरड्यांतून रक्त, अंगात विलक्षण ग्लानी : यातले एकही दिसले तर परवाची वाट बघायची नाही. डेंग्यूत ताप उतरताना धोका वाढतो. ‘ताप गेला, आता पेज घाल त्याला’ म्हणून घरचे निर्धास्त होतात ते नेमके त्याच वेळी.

हेच पत्र मार्चमध्ये आले असते तर मी आधी विचारले असते, भाऊ काजूच्या बागेत जातो का? सत्तरी तालुक्यात 2015 पासून माकडताप आहे, गोचिडीतून येणारा. त्याची तपासणी केंद्रात होत नाही, नमुना मोठ्या प्रयोगशाळेत जातो. काजूचा प्रश्न कुणी विचारलाच नाही तर नमुना जाणार कुठून?

प्रश्न : मस्कतला असलेल्या मुलाने सासऱ्यांसाठी (वय 68) ऐंशी तपासण्यांचे पॅकेज बुक केले. अहवालात टीएसएच (थायरॉइडची तपासणी) 6.1, ईएसआर (शरीरातल्या दाहाचा ढोबळ अंदाज) 32 आणि सीईए थोडे वाढलेले, तिन्ही ठळक अक्षरांत. सीईए म्हणजे कर्करोगाची खूण असे वाचून घरात कुणी जेवले नाही. सासऱ्यांना त्रास काहीच नाही. विडी ओढतात.
— एक सून, डिचोली

उत्तर : आधी जेवून घ्या. ‘नॉर्मल’ची चौकट बहुधा अशी आखतात की शंभरातली पाच धडधाकट माणसेही तिच्या बाहेर पडावीत. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीसच तपासण्या केल्या, तरी निरोगी माणसाचा निदान एक आकडा ठळक छापून येण्याची शक्यता 64 टक्के होते. तुम्ही तर ऐंशी केल्या.

ईएसआर वयाबरोबर वाढतो. पुरुषाच्या वयाच्या निम्मा, हा जुना अंदाज धरला तर 34 पर्यंत चालतो. टीएसएचही वयाप्रमाणे थोडा वर सरकतो. दीड-दोन महिन्यांनी टी-४ या थायरॉइडच्याच तपासणीसोबत पुन्हा करा. दहाच्या आत असताना या वयात सहसा घाईने गोळी सुरू करत नाहीत. सीईए विडी ओढणाऱ्यात वाढलेले असू शकते, आणि काही त्रास नसलेल्या माणसात कर्करोग शोधायला ते वापरू नये. अहवाल तुमच्या डॉक्टरांना दाखवा, पण गुगलला दाखवू नका.

विडीवरून सांगतो, ऐंशी तपासण्यांत एकानेही सासऱ्यांना तोंड उघडायला सांगितले नसणार. तिशीपुढच्या सगळ्यांचे तोंड बघणे, रक्तदाब नि साखर मोजणे हे सरकारी कार्यक्रमातच आहे, फुकट. केंद्र सरकारच्या मोफत निदान योजनेत प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी 63 तपासण्यांची यादी आहे. मुलाला म्हणावे, पुढच्या वेळी पैसे रिक्षाला पाठव.

प्रश्न : घरी येणाऱ्या लॅबच्या मुलाने सकाळी सातला उपाशीपोटी रक्त नेले, अहवाल 84. त्याच आठवड्यात केंद्रातल्या यंत्रावर उपाशीपोटी 118. खरे काय?
— एक शिक्षक, पेडणे

उत्तर : मला 118 जास्त पटते. नळीतल्या पेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात, तासाला साधारण 5 ते 7 टक्के. तो मुलगा स्कूटरवरून दहा घरे करून दुपारी बाराला लॅबवर पोचला असेल, तर 118 चे 84 व्हायला वेळ लागत नाही. साखरेसाठी राखाडी टोपणाची नळी असते, तिच्यातले औषध ही घट रोखते, तेही लगेच नव्हे. त्याने कुठली नळी वापरली होती ते आठवून बघा.

अर्थात केंद्रातले यंत्रही 15 टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे होऊ शकते, म्हणून त्याच्यावरून निदान करत नाहीत. एकदा लॅबमध्ये स्वतः जाऊन, आठ तास उपाशी राहून, शिरेतले रक्त द्या आणि त्यातल्या पेशी लगेच वेगळ्या करतात का ते विचारा. 126 किंवा वर आले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. 100 ते 125 मध्ये आले तर केंद्रातच जा, गोळीआधी वजनाचे आणि चालण्याचे बोलणे होईल. चवथीच्या आधीच करून घ्या. नंतर केलेत तर नेवऱ्यांचा हिशेबही मलाच विचाराल.